जुलाब थांबले, पण पोट अजून नाराज

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी लग्नात जेवलो आणि चार दिवस जुलाब-उलट्या झाल्या. आता ताप नाही, शौचाची तपासणीही ठीक आली. तरी सकाळचा चहा घेतला की पोटात गुरगुर होते, लगेच संडासला पळावं लागतं. तर्री-पोहे तर बंदच केले. जंतू अजून आत आहेत का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : बहुधा नाहीत. जंतू गेले तरी आतड्याचं दुखावलेलं अस्तर सावरायला वेळ लागतो. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य त्या अस्तरातच असतं, ते सध्या कमी पडत असल्यानं दुधाचा चहा बाधत असावा. दोन आठवडे दूध सोडून पाहा. थोडं ताक बहुतेकांना चालतं. शिवाय आतड्याच्या नसा हळव्या होतात. अशा आजारानंतर साधारण १० पैकी एकाला हा त्रास काही महिने पुरतो, तेव्हा घाबरू नका. तर्री सध्या नकोच, नुसते पोहे खा. आणि कळकळीनं सांगते, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक पुन्हा आणू नका. त्यानं पोट आणखी बिघडू शकतं. मात्र शौचात रक्त, घटतं वजन, ताप, किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर थांबू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.