मिक्सर जळाला, भरपाई कोणाची?

प्रश्न : कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीने कोजागरीला लॉनवर भावगीतांचा विनामूल्य कार्यक्रम ठेवला होता. डिजिटल मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज जुळवायचे यंत्र), टॉप, बेस आणि मॉनिटर हे स्पीकर आणि माइक असा साउंड मी माझ्या नावावर भाड्याने घेतला. भाडे १८ हजार, डिपॉझिट २० हजार, शिवाय माझ्या सहीचा कोरा चेक. मिक्सरवर साउंडवाल्यांचाच मुलगा बसला होता, जनरेटर मात्र आम्ही दुसरीकडून आणला. तिसऱ्या गाण्याला दिवे एकदम भगभगले आणि मिक्सर गेला. आता साउंडवाले नव्या मिक्सरचे अडीच लाख मागतात, नाहीतर चेक टाकतो म्हणतात. मी सही केलेल्या चलनावर ‘नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची’ असे छापलेले आहे.

उत्तर : आधी चेकचे बोलू, कारण घड्याळ तिथेच चालू होते. सही करून राजीखुशीने दिलेला चेक कोरा असला, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला असे न्यायालय आधी गृहीत धरते; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. ते गृहीतक खोडून काढणे तुमच्याकडे येते. म्हणून ‘हा चेक केवळ तारण होता, अडीच लाखांचे देणे मला मान्य नाही’ असे पत्र आजच स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन करून पाठवा. फोनवरच्या भांडणाला पोचपावती नसते. बँकेत पेमेंट थांबवले म्हणजे सुटलो, असे समजू नका. चेक परत गेला आणि चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ची नोटीस आली, तर पैसे भरायला कायदा १५ दिवस देतो. तुमचे उत्तरही त्याच मुदतीत गेले पाहिजे.

आता मिक्सर. त्या संध्याकाळी तो नेमका कोणाच्या हातात होता? भाड्याची वस्तू तुमच्या ताब्यात आली, तर १८७२च्या करार कायद्याचे कलम १५१ तुमच्याकडून एवढेच मागते, की शहाणा माणूस आपल्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी. पण इथे वायर जोडली त्यांच्या मुलाने, आवाज कमीजास्त करायची पट्टी, म्हणजे फेडर, त्याच्या बोटाखाली, कार्यक्रमानंतर टेम्पोत मालही बहुधा त्यानेच चढवला. मग ताबा तुमच्याकडे आलाच कधी? माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. तो मुलगा मिक्सरवर बसलेला दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर नक्की असतील; ते मूळ फोनमध्येच जपून ठेवा, फॉरवर्ड केलेल्यांवर विसंबू नका.

चलनावरची ओळ अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कलम १५२ वेगळा करार मान्य करते आणि सही तुमची आहे. तरी त्या ओळीतून अडीच लाख निघत नाहीत. भरपाई मिळते ती प्रत्यक्ष नुकसानीची : दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च, नसेल तर त्या जुन्या मिक्सरची त्या दिवशीची किंमत. विजेचा दाब चढल्यावर पुष्कळदा यंत्रातला नुसता पॉवर सप्लायचा भागच जातो. म्हणून पत्रात हेही लिहा, की मिक्सर उघडताना तुमचा माणूस हजर राहील आणि बिघाडाचा लेखी अहवाल हवा.

दिवे भगभगले, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तीन फेजच्या जनरेटरचा न्यूट्रल (परतीची वायर) सुटला, तर २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो. तसे झाले असेल, तर जनरेटरवाल्यालाही पत्र गेले पाहिजे. भाड्याने दिलेल्या वस्तूतला दोष ‘मला ठाऊक नव्हता’ हे उत्तर कलम १५० ऐकून घेत नाही. त्या रात्री आणखी कोणाचे काही जळाले का, तेही विचारून ठेवा. एखाद्या शेजाऱ्याचा चार्जर गेला असेल, तर तो इथे साक्षीदार आहे.

डिपॉझिटसाठी पुणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिकीट नव्हते, नफा नव्हता, त्यामुळे ‘सेवा व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा आक्षेप टिकणे अवघड. मुदत दोन वर्षांची, आणि इतक्या रकमेच्या व्यवहाराला तक्रारीची फी पडत नाही. पण आधी ते पत्र टाका.