टेबलावरून उठल्यानंतर

प्रिय पोरी,

तुझा निशाण्याचा कागद मिळाला. शंभर मीटरवर तीन छिद्रं एकमेकांना चिकटलेली बघून बरं वाटलं. रायफल चांगली आहे, स्कोप घट्ट बसलाय आणि चाप तू हिसडा देऊन ओढत नाहीस, एवढं त्या कागदाने सांगितलं. तू शिकारीला तयार आहेस की नाही, ते काही त्याने सांगितलं नाही. टेबल, वाळूची पिशवी, बसायला स्टूल, हवा तेवढा वेळ यातलं रानात काहीच नसतं. तिथे चढ चढून दम लागलेला असतो, गवत कमरेइतकं असतं आणि जनावर थांबतं ते मोजून काही क्षण. तेव्हा आता टेबलावरून ऊठ. त्यावर परत बसायचं ते फक्त रायफल झिरो करायला, म्हणजे ठरलेल्या अंतरावर स्कोपचा नेम आणि गोळी लागायची जागा जुळवून घ्यायला.

पालथं पडून मारलेली गोळी सगळ्यात स्थिर, हे तुला शिकवलं असेलच. खरंच आहे. पण पालथं पडलं की समोर बहुतेक वेळा गवतच दिसतं. म्हणून माझं म्हणणं, बैठक घोटून घोटून पक्की कर. पाय फाकवून बस, टाचा रोव आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकव. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नकोस, हाडावर हाड घसरत राहतं. कोपराच्या जरा वरचा मांसल भाग गुडघ्याला लागला पाहिजे. मग डोळे मिट, श्वास सोड, डोळे उघड. स्कोपमधली फुली निशाण्यावरून सरकलेली दिसली तर हाताच्या जोराने ती ओढून आणायची नाही. बूड उचल आणि अख्खी फिर. ताणून धरलेला नेम चाप सुटताना पुन्हा आपल्या जागी जातो, आणि गोळीही त्याच्यामागून जाते.

उभ्याने मारायची वेळ आली तर झाडाचा, खांबाचा, टेकूच्या काठ्यांचा आधार शोध. नळी मात्र कशालाही टेकवायची नाही. टेकलेली नळी गोळी सुटताना उसळते आणि नेम चुकतो. नळीखालचा लाकडी भाग टेकव, तोही मध्ये टोपी किंवा पिशवी घेऊन. कसलाच आधार नसेल तर उभ्याने गोळी मारू नकोस, निदान पहिली काही वर्षं तरी.

आता अंतर. ‘ही रायफल किती लांब मारते?’ असं तू विचारलंस. रायफल पुष्कळ लांब मारते. तू कितीवर मारू शकतेस, ते आपल्याला शोधायचंय. मध्यम आकाराच्या हरणाची छाती घे. हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते, ती साधारण वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात मावते. तेवढा गोल कागद काप. पन्नास मीटरवर लाव आणि बैठकीतून पाच गोळ्या मार. पाचही आत गेल्या तर कागद मागे ने. ज्या अंतरावर एकही बाहेर जाईल, त्याच्या अलीकडचं अंतर ही तुझी बैठकीतली हद्द. उभ्याने वेगळी, गुडघा टेकून वेगळी. चारपैकी तीन, पाचपैकी चार असला हिशोब इथे चालत नाही, कारण बाहेर गेलेली ती एक गोळी जबड्यात किंवा पोटात बसते. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: शंभर मीटरवर पाच गोळ्या आणि पाचही तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात. एक चुकली तर नापास. वीस-वीस वर्षं शिकार करणाऱ्यालाही त्यातून सूट नाही, हे मला फार आवडतं.

आणि हद्द एकदा ठरली म्हणजे कायमची ठरली असं नाही. ती त्या दिवसाची असते. वारा असेल, हात गारठले असतील, छाती धडधडत असेल तर ती निम्म्यावर आण. सराव करतानाही कधी मैदानाच्या टोकापर्यंत पळत जा, परत ये, लगेच बस आणि एकच गोळी मार. पुन्हा कधीतरी थंड नळीने दिवसाची पहिलीच गोळी मार आणि कागद काढून ठेव. शिकारीत तीच एक गोळी मिळते. दहाव्या गोळीला तुझा हात कितीही बसलेला असो, जनावराला त्याचं काय?

घरी रिकाम्या रायफलने चाप ओढायचा सराव रोज कर. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, उघडून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, मगच सुरुवात. गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची तुला भीती वाटत नाही असं तू लिहिलंस. सगळेच असं लिहितात. मैदानावर सोबत्याला मॅगझिन भरायला सांग. त्यात मध्येच एखादं नकली काडतूस घालायचं आणि कुठे घातलं ते तुला सांगायचं नाही. नकली आल्यावर खांदा पुढे गेला, डोळा मिटला, तर भीती आहे. ती जाईपर्यंत हलक्या .२२ रायफलने सराव कर. त्यात कमीपणा काही नाही.

गोळी सरळ रेषेत जात नाही, खाली येत येत जाते. तुझ्या .३०८ सारखी रायफल शंभर मीटरला झिरो केली, तर दोनशेला ती सुमारे दहा सेंटिमीटर खाली लागेल आणि तीनशेला चाळीसच्याही खाली. म्हणजे दोनशेपर्यंत चूक छातीतच मावते, तीनशेला गोळी पोटाखालून जाते किंवा पाय मोडते. तीनशेवर आडवा वारा ताशी पंधरा किलोमीटर असेल तर गोळी वीतभर बाजूला सरकते, आणि वारा तुझ्या गालाला लागतो तेवढाच जनावरापाशीही असेल याची खात्री नसते. यातली गोळी खाली येण्याची आकडेवारी बहुधा काडतुसांच्या डब्यावर छापलेली असते. ती तुझ्या नळीतून, तुझ्या काडतुसाने तपासून घे. डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट: वर मार किंवा खाली मार, गोळी अपेक्षेपेक्षा उंच लागते, कारण खाली खेचण्याचा हिशोब आडव्या अंतराचा असतो. पंचेचाळीस अंशाच्या उतारावर दोनशे मीटर दिसलं, तर ते एकशे चाळीस धरायचं.

जनावर कोणतं, नर की मादी, पाठीमागे पिल्लू आहे का, हे सगळं दुर्बिणीतून बघायचं. रायफलच्या स्कोपमधून बघायचं नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे नळी त्या दिशेला रोखणं, आणि झुडपाआड काय हललं हे अजून कुणाला माहीत नाही. तिथे माणूस असू शकतो. माणसं अशीच मेली आहेत. मग जनावराच्या मागे बघ. गोळी छातीतून आरपार जाते आणि पुढेही जातेच. मागे मातीचा उतार हवा. डोंगराच्या धारेवर, आभाळासमोर उभं असलेलं जनावर कितीही देखणं असो, त्याच्यावर गोळी नाही. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. खडक आणि पाणी यांवरून ती उसळते. मागे दुसरं जनावर असेल, तर ते बाजूला होईपर्यंत थांब.

नेम कुठे? जनावर पूर्ण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा. छातीच्या उंचीचा खालचा तिसरा भाग संपतो तिथे. ते जरा पलीकडे तोंड करून तिरकं उभं असेल, तर कातडीवरची जागा विसर आणि पलीकडचा पुढचा पाय मनात धर. गोळी त्या पायापाशी बाहेर पडली पाहिजे. मग अलीकडे ती बरगड्यांच्या मागच्या भागातून आत शिरली तरी हरकत नाही. समोरून किंवा पार्श्वभागाकडून मारायची नाही, असले प्रसंग सोडून दे. डोक्यावर मारणारे खूप बढाया मारतात. मेंदू छोटा असतो आणि जनावराच्या अंगात सगळ्यात जास्त हलतं ते डोकंच. चूक झाली तर जबडा तुटतो आणि ते जनावर चरू न शकता दिवसेंदिवस मरत राहतं. बढायांमध्ये ही गोष्ट येत नाही.

गोळी सुटली की काम संपलं असं नाही. डोळा स्कोपवरच ठेव, लगेच दुसरं काडतूस चढव आणि जनावर कसं हललं ते बघ. उंच उडी मारून जोरात धावलं तर बहुधा छातीत बसली. पाठ कमानीसारखी करून संथ चालू लागलं तर पोटात. ते कुठे उभं होतं त्या जागेची खूण लक्षात ठेव: एखादा दगड, वाकडी फांदी. तिथे चालत गेल्यावर सगळंच वेगळं दिसतं, म्हणून तू स्वतः कुठून मारलंस तिथेही रुमाल बांधून जा. मग रक्त वाच. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, गर्द लाल बहुधा यकृताचं. हिरवट, घाण वास येणारं असेल तर गोळी कोठ्यात गेली.

फुप्फुसात गोळी बसलेलं जनावरही शंभर मीटर धावू शकतं. ते पळालं म्हणून चुकलं असं समजू नकोस, जाऊन शोध. अर्धा तास बस, मग माग काढ. कोठ्याची जखम असेल तर कित्येक तास थांबायला लागतं. लगेच मागे लागलीस तर ते जखमी जनावर उठून मैलोन्‌मैल जाईल आणि कुणालाच सापडणार नाही. माग काढायला शिकवलेला कुत्रा मिळत असेल तर लाजू नकोस, बोलाव, आणि तो येईपर्यंत रक्तावर पाय देऊ नकोस. पडलेल्या जनावराजवळ पाठीकडून जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श कर. पापणी हलली तर लगेच दुसरी गोळी. आणि शोधूनही सापडलं नाही, तर ते तू मारलेलंच धर. परवान्यावर एक असेल तर तुझा मोसम संपला. कायदा असं म्हणत नसला तरी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जिथे शिकारीला बंदी आहे, तिथे हा विषय उरतच नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो केव्हाच मिटवला. तू जिथे परवाना काढलास तिथले मोसम, जाती, काडतुसाचा प्रकार, जागामालकाची परवानगी हे सगळं स्वतः वाच, ऐकीव ठेवू नकोस. शिशाच्या गोळ्यांबद्दल नियम काही नसला तरी तांब्याची गोळी वापरून बघ. शिशाचे बारीक कण आतड्यांबरोबर रानात राहतात आणि ती खाणारी गिधाडं, गरुड त्यांच्या विषाने मरतात. तांब्याच्या गोळीला झिरो पुन्हा करावा लागतो, तेवढं लक्षात ठेव.

नियमात बसतं ते सगळं करावंच असं नाही. अमेरिकेत बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचा क्लब १८८७ साली निघाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट त्याच्या संस्थापकांपैकी. जनावराला निसटायची खरी संधी असली पाहिजे, हा विचार त्यांनी लावून धरला. आता सहाशे मीटरवरून मारलेल्या शिकारीच्या चित्रफिती लोक मिरवतात. तेवढं अंतर कापायला गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो. एका सेकंदात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. त्या पावलावर तुझा काहीच ताबा नाही, मग हातात कितीही महाग रायफल असो.

सगळ्यात कठीण प्रसंग मात्र जनावर आणणार नाही, सोबतची माणसं आणतील. वाटाड्या कानात म्हणेल, मार, मार, जातंय. कुणी आठवण करून देईल की उद्या परतायचंय, पैसे भरलेत. त्या क्षणी अंतर, आधार, मागची माती आणि जनावराचा उभं राहायचा कोन यातलं एकही मनासारखं नसेल, तर सेफ्टी लाव आणि मोठ्याने ‘नाही’ म्हण. मोठ्याने अशासाठी, की मनातल्या मनात म्हटलेलं ‘नाही’ दुसऱ्या ‘मार’ला टिकत नाही. ते हसतील, एखादा रागवेलही. निघण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेव की तुझी हद्द अमुक मीटर आहे आणि ती तू मोडणार नाहीस. म्हणजे तिथे वाद नको. दारूही रायफली रिकाम्या होऊन कुलुपात गेल्यावर. आधी कुणी घेतली असेल, तर त्या दिवशी तू त्याच्याबरोबर जाऊ नकोस.

स्कोपबद्दल विचारलं होतंस. सध्याचाच ठेव. मोठा घेऊन अंतर वाढत नाही, मोह वाढतो. उरलेल्या पैशांत दुर्बीण आणि काडतुसं घे.

पुढच्या पत्राबरोबर बैठकीतले आणि गुडघा टेकून मारलेले कागद पाठव. प्रत्येकावर अंतर, वारा आणि थंड नळी की गरम, हे लिही. चांगले निवडून पाठवू नकोस, सगळे पाठव. उभ्याने मारलेले आत्ता नकोत.

तुझा,
काका