लिओ मॅकेरी: दिग्दर्शनाचे दोन ऑस्कर मिळूनही मागे पडलेला दिग्दर्शक

जुन्या हॉलिवूडमधला कोणता दिग्दर्शक दुर्लक्षित राहिला असं वाटतं, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर लिओ मॅकेरी. दिग्दर्शनासाठी दोनदा ऑस्कर मिळालेल्या माणसाला दुर्लक्षित कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. पण हिचकॉक, फोर्ड, काप्रा ही नावं निघतात तशी मॅकेरीचं नाव निघताना मी क्वचितच ऐकलंय. लॉरेल आणि हार्डीची जोडी जमवण्यात त्याचा मोठा वाटा होता, मार्क्स बंधू या विनोदी नटांचा ‘डक सूप’ (१९३३) हा सिनेमा त्याचाच, हेही फार जणांना माहीत नसतं.

हे सगळं बाजूला ठेवलं, तरी ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (१९३७) या एका सिनेमासाठी मी त्याला फार मोठा मानतो. गोष्ट साधी आहे. बँकेनं घर घेतल्यावर म्हातारा-म्हातारीला एकत्र ठेवून घ्यायला एकही मूल तयार नाही. म्हणून आई लेकाकडे, वडील लेकीकडे. माझी आजी तीन मुलांकडे पाळीपाळीने राहायची. प्रत्येक मुक्कामाला निघताना तिची तीच एक ट्रंक. त्यामुळे हा सिनेमा मला परक्या देशातला कधी वाटलाच नाही.

एक प्रसंग सांगतो. सून घरी ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकवते, पाहुण्यांनी खोली भरलीय. तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन येतो. म्हातारी फोनवर ओरडूनच बोलते, सगळ्यांना ऐकू जातं. पाहुणे आधी अवघडतात, मग हळूहळू पत्ते थांबतात. ती त्याला जपायला सांगते, फोनला किती पैसे पडले याची काळजी करते. मॅकेरी घाई करत नाही. आपणही त्या पाहुण्यांमध्ये बसलोय, नको ते कानावर पडतंय आणि उठून जाता येत नाही, असं होऊन जातं.

आणि मुलं दुष्ट नाहीत. माझ्या लेखी मॅकेरीचं मोठेपण इथे आहे. आपल्याकडच्या अशा गोष्टींत बहुधा मुलं-सुना खलनायक असतात, त्यांच्यावर राग काढून आपण मोकळे होतो. इथे लेकाला वृद्धाश्रमाचं सांगायचंय, शब्द फुटत नाही, तर आईच आधी म्हणते की मला तिथे जायचंय. वर त्याला अट घालते: हे तुझ्या वडिलांना कधी कळता कामा नये. आईचं काम करणारी ब्यूला बाँडी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. सत्तरीची म्हातारी तिनं अशी उभी केलीय की वय आठवतच नाही.

पॅरामाउंट या स्टुडिओला शेवट गोड हवा होता. मॅकेरीनं बदलला नाही, सिनेमा चालला नाही आणि स्टुडिओनं त्याला सोडून दिलं. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या विनोदी सिनेमासाठी ऑस्कर घेताना तो म्हणाला की तुम्ही मला चुकीच्या सिनेमासाठी बक्षीस दिलंत. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मते ‘मेक वे’ पाहून दगडालाही रडू येईल. जपानी दिग्दर्शक ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’मागेही (१९५३) याच सिनेमाची प्रेरणा होती.

सुरुवात ‘द ऑफुल ट्रुथ’पासून करा, पोटभर हसाल. ‘मेक वे’ मात्र रात्री, घाई नसताना पाहा. शेवटच्या अर्ध्या तासात म्हातारा-म्हातारी पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्राला जिथे उतरले होते त्या हॉटेलात जातात. नाचायला उभे राहतात तर वाद्यवृंद जलद धून धरतो, आणि दोघं गोंधळून थांबतात. वाद्यवृंदाच्या प्रमुखाचं तिकडे लक्ष जातं आणि तो चाल बदलून जोडीनं नाचायची संथ वॉल्ट्झ सुरू करतो.