तापमानवाढीचा हिशेब मांडण्यात करिअर आहे का?

प्रश्न: मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. तिला हवामान मॉडेलिंगमध्ये जायचंय. पण तापमान निसर्गामुळे वाढतंय की माणसामुळे, यावर टीव्हीवर अजून भांडणं चालू आहेत. अशा क्षेत्रात काय भवितव्य? त्यापेक्षा बी.एड. केलेलं बरं नाही का?
– एक पालक, सांगली

नमस्कार. टीव्हीवर भांडण असेल, पण शास्त्रज्ञांमध्ये हा प्रश्न बराचसा निकाली निघालाय, आणि तो निकाली काढला तो याच मॉडेल्सनी. मॉडेल म्हणजे वातावरण, समुद्र, जमीन आणि बर्फ यांची भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून उभी केलेली पृथ्वी. ती संगणकावर दोनदा चालवतात. एकदा फक्त सूर्याच्या तेजातले चढउतार आणि ज्वालामुखी धरून, दुसऱ्यांदा त्यात कार्बन डायऑक्साइड, धूर, जंगलतोड घालून. पहिल्या खेपेला गेल्या शतकाच्या उत्तरार्धातली तापमानवाढ दिसतच नाही. दुसऱ्या खेपेला प्रत्यक्ष नोंदींशी जुळते. शिवाय सूर्य दोषी असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

आता ही मॉडेल्स खरी कशावरून? जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. नासाच्या जेम्स हॅन्सन यांच्या गटाने मॉडेलवरून सांगितलं की जगाचं तापमान तात्पुरतं साधारण अर्धा अंश उतरेल. पुढच्या वर्षी जवळपास तसंच झालं. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेल्या तिघांपैकी स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान हे दोघे हवामान मॉडेल्सच्याच कामाचे.

आपल्याकडे पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, स्वतःचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल बनवलंय. त्याचे निष्कर्ष आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या सहाव्या अहवालासाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात गेले. पावसाळी ढग आणि धूलिकण यांचा हिशेब मात्र अजून कच्चा आहे. काम उरलंय ते तिथे.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. कायमच्या जागा थोड्या, आणि पीएच.डी.नंतरही काही वर्षं प्रकल्पावर कंत्राटी काढावी लागतात. हवामान खातं, नोएडाचं हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र, पवन आणि सौर ऊर्जेच्या कंपन्या, विमा क्षेत्र इथे संधी आहेत. घरात पगाराची तातडी असेल तर याचा आधी विचार करा.

मुलीला दिवाळीच्या सुट्टीत एक काम द्या. हवामानाची आकडेवारी इंटरनेटवर मोफत मिळते. पायथन ही संगणकाची भाषा वापरून सांगलीच्या आसपासचं मे महिन्याचं कमाल तापमान काढून त्याचा आलेख तिने स्वतः करावा. दिवसभर कोडमधली चूक शोधूनही ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, तर हे तिचं क्षेत्र. ढगांचे फोटो काढायला आवडतात एवढंच असेल, तर नव्हे.

पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. किंवा जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीतून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मग या विषयात पीएच.डी. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, तो निर्णय आत्ताच घ्यायची घाई नको.