हलत नाही, तोंड नाही, मग स्पंज प्राणी कसा?

प्रश्न : सर, आमच्याकडे वाळलेल्या गिलक्याच्या जाळीने अंग घासतात. समुद्रातला स्पंजही तसाच दिसतो. तो हलत नाही, त्याला तोंड-पोट नाही, तरी पुस्तकात प्राणी म्हटलंय. का? आणि खान्देशात समुद्र नाही, मग बघायचा कुठे?
– इयत्ता नववीतील वाचक, अमळनेर

उत्तर : बेटा, गिलक्याची जाळी आणि अंघोळीचा स्पंज, दोन्ही नुसते सांगाडे. जिवंत स्पंज बघितलास तर शंका उरणार नाही. त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात, ती ऑस्टिया. त्यांतून पाणी आत जातं आणि ऑस्कुलम या मोठ्या छिद्रातून बाहेर पडतं. १८२५ मध्ये एडिंबरोचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रांट यांनी समुद्राच्या पाण्यात ठेवलेला स्पंजाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यातून कण जोरात बाहेर फेकले जाताना त्यांना दिसले.

हे पाणी ओढतात कॉलर पेशी. प्रत्येकीला एकच कशाभिका (चाबकासारखा बारीक धागा) असते, ती सतत वळवळते. तिच्या भोवतीच्या गळपट्टीसारख्या कॉलरीत जिवाणू अडकले की पेशी ते गिळते. पोट नाही हे खरं, पण खाणं आहेच, आणि तेही दुसऱ्या जिवांचं. म्हणून प्राणी.

मला मात्र सगळ्यात थक्क करतो तो १९०७ मधला अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांचा प्रयोग. त्यांनी जिवंत स्पंज रेशमी कापडातून दाबून गाळला. पेशी सुट्या झाल्या, पाण्यात विखुरल्या. मग त्या सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला! इतकं कुठल्या वाघा-सिंहाला जमत नाही.

आता बघायचं कुठे? समुद्राचे स्पंज रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर. पण गोड्या पाण्यातलेही असतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या काटक्या, दगड बघ. मला गिरणा नदीच्या काठी बाभळीच्या बुडालेल्या फांदीवर मिळाला होता : राखाडी, खरखरीत, बोटाने चुरगळणारा थर. त्यात मिलिमीटरहूनही लहान, पिवळसर गोळ्या होत्या. त्या जेम्यूल. पाणी आटलं की स्पंज मरतो, या गोळ्या टिकतात आणि पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज निघतो.

उघड्या हाताने चोळू नकोस, त्याच्या अंगातल्या सिलिकाच्या (काचेसारख्या) सुया टोचतात, खाज सुटते. ओला, हिरवट सापडला तर (तो रंग आतल्या शेवाळाचा) उपटू नकोस. भिंग घेऊन जा, तिथेच बघ, आणि मोठ्या माणसाशिवाय पाण्याजवळ जाऊ नकोस.