पॅरिशमधले स्वयंसेवक आणि धर्मशिक्षक यांचा सन्मान कसा करावा?

प्रश्न विदर्भातल्या खेड्यातल्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाचा आहे, म्हणून तिथलंच सांगतो. शाल-श्रीफळ जरूर द्या, पण आधी यादी नीट करा. वेदीजवळ दिसणारी माणसं आठवतात. सतरंज्या झटकून अंथरणारी मावशी, फादर येऊ शकत नाहीत त्या रविवारी दूरच्या वस्तीवर सायकलने जाऊन प्रार्थना घेणारे काका हमखास राहून जातात. त्यांची नावं मिस्सेतच (चर्चमधल्या मुख्य उपासनेतच), सगळ्यांसमोर घ्या. आणि नुसतं नाव नको, काम सांगा: ‘काकांनी पावसाळ्यातही नाल्यापलीकडची प्रार्थना चुकवली नाही.’ एवढं ऐकलं की घरच्यांचीही मान ताठ होते.

दिवस निवडताना शेती बघा. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत कोणाला सवड नसते. पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण बहुधा पेरणीआधी येतो, तो मला सगळ्यात योग्य वाटतो. फक्त ऊन तापायच्या आत, सकाळीच उरका.

पोप फ्रान्सिस यांनी 10 मे 2021 रोजी धर्मशिक्षकाची सेवा हे प्रापंचिकांसाठी, म्हणजे फादर नसलेल्या सामान्य भाविकांसाठी, अधिकृत सेवापद केलं. त्याच वर्षी जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक ही पदंही स्त्रियांना खुली झाली. हे लोकांना सांगा, बायांना तर आवर्जून.

आणि पैशाचं बोला. कायमस्वरूपी सेवा करणाऱ्या प्रापंचिकांना योग्य मोबदल्याचा हक्क चर्चच्या कायद्यातच आहे, कलम 231. स्वयंसेवकांना निदान पेट्रोलचा खर्च तरी मागायला न लावता द्या.