हा इथं कसा आला? – वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत साचलेल्या प्रश्नांतून निवडक प्रश्न आज घेते आहे. गावं वेगळी, प्राणी वेगळे. पण जवळजवळ प्रत्येकानं शेवटी एकच विचारलं आहे : याला पकडून लांब कुठंतरी जंगलात सोडता येईल का? माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक वेळा तसं करू नये. का, ते पुढं येईलच.

प्रश्न (दापोली) : आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर रात्री धावपळ चालते. कधी कधी आवारात आंबेमोहोर शिजत असल्यासारखा घमघमाट सुटतो, तेव्हा आजूबाजूला कुणाची चूल पेटलेली नसते. सासूबाई म्हणतात, हा सापाचा वास. पडवीच्या पत्र्यावर बियांनी भरलेली विष्ठाही सापडते. नक्की कोण आहे?

उत्तर : तिन्ही खुणा एकाच प्राण्याच्या आहेत. ते उदमांजर आहे. कोकणात कांडेचोर या नावानंही ओळखतात. अंग मांजराएवढं, शेपूट जवळजवळ अंगाइतकीच लांब, केस राखाडी-काळसर आणि तोंडावर डोळ्यांभोवती काळा पट्टा. वास सापाचा नाही. उदमांजराच्या शेपटीखाली गंधग्रंथी असतात, आणि त्याच्या अंगाचा दरवळ सुवासिक तांदूळ शिजताना येतो तसाच असतो. बंगालमध्येही जुनीजाणती माणसं या वासावरून त्याची चाहूल ओळखतात.

पत्र्यावरची विष्ठा पुसून टाकण्याआधी एकदा काडीनं उकलून बघा. फणस, वड-उंबर, भेरली माड अशा फळांच्या बिया त्यात अख्ख्या दिसतील. भेरली माडाची फळं आपल्याला खाजरी, पण उदमांजर ती आवडीनं खातं आणि बी दूरवर नेऊन टाकतं. तुमच्या परसात न लावता उगवलेला एखादा भेरली माड असेल, तर तो बहुधा यानंच लावला. फळांखेरीज उंदीर, किडे, सरडे हेही त्याचं खाणं. कोंबडीची पिल्लं उघडी राहिली तर तीही उचलेल, म्हणून खुराड्याला रात्री पक्की कडी हवी.

माळा मोकळा करून हवा असेल तर पिंजरा लावू नका. आधी आठवडाभर दिवसा कान देऊन ऐका. बारीक चिवचिव ऐकू आली तर वर पिल्लं आहेत. ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबायला हवं. नसतील तर माळ्यावर दिवसा दिवा जळता ठेवा. अंधार गेला की त्याला ती जागा नकोशी होते. मग एखाद्या रात्री ते बाहेर पडल्यावर कौलांची सटकलेली जागा बुजवून घ्या. ते शेजारच्या झाडाच्या ढोलीत जाईल. आवार तेच राहील, घर तेवढं बदलेल.

प्रश्न (धायरी, पुणे) : सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर नाग आणि धामण एकमेकांना पीळ घालून उभे होते. पाऊण तास हे चाललं. ते मीलन होतं असं सगळे म्हणाले आणि काहींनी अंगावर टाकायला उपरणंही आणलं. आता दोघांना पकडून न्यावं असा आग्रह आहे.

उत्तर : नाग आणि धामण यांची जोडी जमत नाही, त्या दोन वेगळ्या जाती आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन्ही धामणीच आहेत, आणि दोघेही नर. हे मीलन नसून कुस्ती आहे. मादीसाठी किंवा हद्दीसाठी नर एकमेकांना विळखा घालतात, अंगाचा पुढचा भाग उंच उचलतात आणि दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचा प्रयत्न करतात. चावाचावी नाही. जो दबला तो निघून जातो. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर हे दृश्य दिसतं.

फोटो मोठा करून ओठांकडं बघा : वरच्या ओठाच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा आहेत. डोळा मोठा, गोल. ही धामणीची ओळख. ती बिनविषारी आहे. शेपटीत काटा असतो, गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, या गोष्टी खोट्या आहेत. सापाला दूध ओढून पिता येईल अशी तोंडाची रचनाच नसते. ती खाते उंदीर आणि बेडूक.

तिला पकडून सिंहगडाच्या पायथ्याला सोडलं तर काय होईल? तिथलं बीळ, पाणी, शत्रू यातलं काहीच तिला ठाऊक नसेल. इकडं प्लॉटवरचे उंदीर मात्र वाढतील, आणि उंदरांच्या मागावर येणारा पुढचा साप धामणच असेल याची हमी कोण देणार? प्लॉटवरचा राडारोडा आणि ओला कचरा उचला. सर्पमित्राला बोलवा ते साप घरात, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये अडकला तर.

प्रश्न (कोल्हापूर) : बाथरूमच्या भिंतीवर पांढरे पट्टे असलेला वीतभर काळपट साप. भावानं मण्यार समजून मारला. बरोबर केलं का?

उत्तर : भिंतीवर चढलेला होता म्हणजे बहुधा कवड्या, बिनविषारी. तो पालींच्या मागे घरात येतो. दोघांत फरक असा : कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरत जातात, मण्यारीच्या मानेजवळ पट्टे बहुधा नसतात आणि शेपटीकडं स्पष्ट होतात. पण रात्रीच्या वेळी, घाबरलेल्या अवस्थेत हे तपासायला कुणीही जवळ जाऊ नये. दार लावून घ्या, दाराखालच्या फटीत टॉवेल सारा आणि सर्पमित्राला फोन करा. तेवढ्यानं माणूसही सुरक्षित राहतो आणि सापही.

मण्यारीबद्दल मात्र गाफील राहू नका. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि दंश इतका बारीक असतो की कित्येकदा माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं दिसली तर पित्त झालं म्हणून घरी थांबू नका. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणीची कडा गादीखाली खोचणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दंश झालाच तर आवळपट्टी नको, कापणं-चोखणं नको, मांत्रिक तर नकोच. हात-पाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही.

प्रश्न (ओतूर, ता. जुन्नर) : ऊसतोडीत बिबट्याचे तीन बछडे सापडले. टोळीनं काम थांबवलं. आई परत येईल का? आणि सगळ्यांनाच एकदाचं पकडून लांब का सोडत नाहीत?

उत्तर : काम थांबवलं हे फार चांगलं केलंत. आई जवळच असते आणि बहुतेक वेळा परत येते. बछड्यांना हात लावू नका, त्यांच्याबरोबर फोटो काढत बसू नका, गर्दी हटवा आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. ते आधी खात्री करतील, कारण वाघाटी या इवल्याशा रानमांजराची पिल्लंही उसात सापडतात आणि लोक त्यांना बिबट्याचे बछडे समजतात. बछडे असतील तर संध्याकाळी त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात आणि माणसं मागं घेतात. आई रात्री येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर पुन्हा ठेवतात. तोवर त्या फडाकडं कुणी फिरकू नये; पिल्लांपासून तुटलेली मादी शांत राहत नाही.

दुसऱ्या प्रश्नामागची भीती मला समजते. तुमच्या तालुक्यानं माणसं गमावली आहेत, आणि शहरात बसून सहजीवनाचे धडे देणं सोपं आहे. पण लांब सोडण्याचा उपाय तुमच्याच भागात करून झाला आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर परिसरातले बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले त्यानंतर कमी न होता वाढलेले आढळले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आपल्या हद्दीकडं परतू बघतं, वाटेत गावं लागतात. सोडलेल्या जागी ते थांबेल असंही नाही. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या विहिरीतून काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला होता. मोकळी झालेली हद्दही मोकळी राहत नाही, दुसरा येतो. ऊस, पाणी, कुत्री, डुकरं सगळं असताना तो का येणार नाही?

माणसावर हल्ला केलेला बिबट्या ओळखून पकडलाच पाहिजे, यात दुमत नाही. बाकी वेळी गोठा वरूनही जाळीनं बंद हवा. मुलांना तिन्हीसांजेला एकटं सोडू नये. पहाटे शेतात जाताना हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी हवीत. खुरपताना वाकलेला माणूस बिबट्याला लहान सावज वाटतो, म्हणून कडेच्या रांगांत एकट्यानं काम करू नये. आणि रात्रीऐवजी दिवसा वीज मिळाली तर पाणी द्यायला अंधारात जावं लागणार नाही. ही शेतकऱ्यांची मागणी मला कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

प्रश्न (दादर) : इमारतीच्या डक्टमधून फुत्कार येतात. डोकावलं तर माकडासारख्या तोंडाची चार पांढरी पिल्लं, प्रत्येक वेगळ्या आकाराचं. काही रहिवासी अपशकुन म्हणतात.

उत्तर : गव्हाणी घुबडाची पिल्लं. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं उबतात, म्हणून थोरलं आणि धाकटं यांत एवढा फरक. फुत्कार हा भुकेचा आणि घाबरवण्याचा आवाज. डक्टच्या तळाशी काळपट गोळे पडले असतील. वाळलेला गोळा पाण्यात भिजवून सोडवला तर आत उंदरांच्या कवट्या, दात, फासळ्या निघतील. न पचलेला भाग घुबड असा ओकून टाकतं. एक कुटुंब किती उंदीर मारतं, हे अपशकुन म्हणणाऱ्यांना त्या गोळ्यांतच दाखवा. साधारण दोन महिन्यांत पिल्लं उडतील. जाळी त्यानंतर बसवा.

प्रश्न (ठाणे) : गच्चीवर गेलं की घार डोक्यावर झेपावते. महापालिकेला सांगून घरटं काढून घ्यावं का?

उत्तर : अंडी किंवा पिल्लं असताना घरटं काढणं कायद्यानं गुन्हा आहे. घारी हिवाळ्यात घरटं करतात आणि उन्हाळ्यात पिल्लं उडून जातात. ती उडाली की हल्ले थांबतील. तोवर छत्री उघडून जा. ती मागून झेपावते, म्हणून तिच्याकडं तोंड ठेवा. गच्चीवर मटणाचे तुकडे टाकणारं कुणी असेल तर ते मात्र आजच बंद करा.

प्रश्न (म्हापसा) : पहिल्या पावसात शेतात पिवळेजर्द बेडूक आले. विषारी आहेत का?

उत्तर : नाहीत. हे आपले नेहमीचे मोठे बैल बेडूक. विणीच्या वेळी नर लिंबासारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतो, आणि नंतर पुन्हा मातकट दिसू लागतो. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून याच दिवसांत त्यांची चोरटी शिकार होते. रात्री शेतात बॅटऱ्या आणि पोती घेऊन कुणी दिसलं तर वन खात्याला कळवा. अंडी घालायला वर्षातून एवढीच संधी त्यांना मिळते.

प्रश्न (नागपूर) : काळा-पांढरा पक्षी रोज गाडीच्या आरशाला टोचतो.

उत्तर : दयाळ नर. आरशातल्या स्वतःलाच तो दुसरा नर समजतो आहे. गाडी उभी केल्यावर आरशांवर कापडी पिशव्या चढवा, म्हणजे त्याचे श्रम आणि चोच दोन्ही वाचतील. जुलैनंतर तो बहुधा स्वतःहून थांबेल.